कानाला खडा

मराठी भाषेने माणसाच्या कानाला जितके राबविले आहे तितके क्वचितच दुसऱ्या कोणत्या अवयवाला राबविले असेल. कान भरावेत, कान फुंकावेत, कान पिळावा, कानउघाडणी करावी, कान टोचावेत; आणि एवढे सगळे झाल्यावर ज्याचे त्याने कानाला खडा लावावा. यांतील बहुतेक वाक्प्रचारांचा संबंध ऐकण्याशी थोडा आणि वागण्याशी फार. माणूस चुकला की शिक्षा कानाला, आणि माणूस सुधारला की त्याची खूणही कानालाच, असा आपला जुना हिशेब आहे. ‘आजपासून विडीला शिवणार नाही, कानाला खडा!’ हे वाक्य महाराष्ट्रातील घराघरांतून किती वेळा उच्चारले गेले असेल त्याची मोजदाद अशक्य आहे. आणि त्यांपैकी किती खडे आठवड्याच्या आत गळून पडले असतील, त्याची मोजदाद न केलेलीच बरी.

हे सारे बोलणे अलंकारिक आहे असे आपण समजतो. परंतु गेल्या पन्नास वर्षांत जगाच्या निरनिराळ्या भागांतील असंख्य धूम्रपानी मंडळींनी हा वाक्प्रचार अक्षरशः आचरणात आणला आहे. सिगारेट सोडताना त्यांनी कानात खरोखरीच सुया टोचून घेतल्या. किंवा मोहरीएवढे एक बी चिकटपट्टीने कानाच्या खळग्यात बसवून घेतले, आणि तलफ आली की ते बोटाने दाबावे हा सल्ला मानला. मराठी भाषेशी या उपचाराचा काडीचाही संबंध नाही. आज तो ज्या रूपात दिसतो ते रूप फ्रान्समध्ये जन्मले, चीनमध्ये वाढले, हाँगकाँगमध्ये त्याला व्यसनमुक्तीचे काम मिळाले आणि न्यूयॉर्कच्या एका दरिद्री वस्तीत त्याचा संप्रदाय झाला. हा प्रवास मोठा चमत्कारिक आहे. पुढे त्या उपचाराची परीक्षा झाली, तिचा निकाल तर त्याहून विचार करावयास लावणारा आहे.

कानाचा आणि शरीराच्या दूरच्या भागांचा काही गुप्त संबंध असावा, ही समजूत फार पुरातन आहे. सुश्रुतसंहितेत कर्णवेधाचा सविस्तर विधी आहे. मूल सहा-सात महिन्यांचे झाले की कान टोचावेत, मुलाचा आधी उजवा आणि मुलीचा आधी डावा, असे तेथे सांगितले असून त्याचे हेतू दोन दिले आहेत : एक रक्षण आणि दुसरा भूषण. यातील भूषणाचा भाग आपण अजून सांभाळला आहे. रक्षणाचा अर्थ मात्र बारशाच्या गर्दीत हरवून गेला. त्याच ग्रंथाच्या चिकित्सास्थानात अंत्रवृद्धीवर, म्हणजे आतडे उतरण्याच्या विकारावर, कानाच्या बाजूची शीर विंधावी, आणि तीही विकाराच्या उलट बाजूची, असा उपाय आला आहे. तिकडे ग्रीसमध्ये हिपॉक्रेटसच्या नावावर चालणाऱ्या ग्रंथांत शक लोकांविषयी असे लिहिले आहे की, सततच्या घोडेस्वारीने कंबर आखडली की ते कानामागच्या शिरा कापून घेत. युरोपात सतराव्या शतकात झाकुटुस लुसितानुस या पोर्तुगीज वैद्याने गृध्रसीवर, म्हणजे ज्याला हल्ली सर्वजण सायटिका म्हणतात त्या दुखण्यावर, कानाला डाग देण्याची हकीकत नोंदविली. अठराव्या शतकाच्या आरंभी वालसाल्वा या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने दातदुखीसाठी कानाचा नेमका कोणता भाग डागतात ते सांगितले. १८५० साली तर कॉर्सिका बेटावरील बास्तिया येथील एका डॉक्टरने तापल्या सळईने कान डागून सायटिकाचे रुग्ण बरे केल्याचा वृत्तान्त पॅरिसच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. आपल्याकडेही खेड्यापाड्यांतून पोटदुखीला, काविळीला डाग देण्याची चाल होती आणि कोठे कोठे अजूनही आहे. तेव्हा युरोपियनांच्या या प्रकाराला हसण्याचा अधिकार आपणांस फारसा नाही.

मात्र या सगळ्या सुट्यासुट्या गोष्टी होत्या. त्यांना एका सूत्रात कोणी ओवले नव्हते. ते काम केले फ्रान्समधील लियों शहराच्या पॉल नोजिए या डॉक्टरने. १९५० च्या सुमारास त्याच्याकडे येणाऱ्या काही रुग्णांच्या कानावर, वरच्या बाजूला, एकाच ठिकाणी भाजल्याचा लहानसा व्रण त्याला दिसू लागला. चौकशी करता कळले की या मंडळींना सायटिकाचा त्रास होता. मार्सेय शहरातील मादाम बारँ नावाच्या एका वैदू बाईने त्यांच्या कानाला डाग दिला होता, आणि दुखणे गेले, असे ती सांगत होती. दुसरा एखादा विद्याविभूषित डॉक्टर असता तर त्याने ‘अडाणीपणा!’ म्हणून विषय संपविला असता. नोजिएने तसे केले नाही. रुग्ण काय सांगतो ते त्याने कान देऊन ऐकले, आणि पुढे स्वतःच्या रुग्णांवर तोच प्रयोग करून पाहिला. मग डागण्याऐवजी सुई वापरून पाहिली.

या ठिकाणी त्याच्या मनात एक कल्पना आली. सायटिकाचे मूळ कण्याच्या शेवटच्या टोकाशी असते. कानाच्या बाहेरच्या कडेच्या आत जी दुसरी उंचवट्याची कड असते, तिच्या वरच्या भागात कण्याचे ते शेवटचे टोक असेल, तर ती सारी कड म्हणजे उलटा ठेवलेला कणाच नव्हे काय? आणि कणा उलटा असेल तर डोके खाली, कानाच्या पाळीत, आले पाहिजे. अशा रीतीने विचार करीत करीत नोजिएने कानावर अवघे शरीर रेखाटले : गर्भाशयात खाली डोके करून पडलेल्या बाळाप्रमाणे, पाळीत डोके, कडेला पाठ, आणि मधल्या खळग्यात हृदय, फुप्फुस आणि पोट. १९५६ मध्ये मार्सेयच्या एका परिषदेत त्याने हे विचार मांडले, आणि १९५७ साली ते एका जर्मन नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ज्या शहरात ती वैदू बाई होती त्याच शहरात तिच्या विद्येला शास्त्राची वस्त्रे नेसविण्यात आली, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे.

चिनी वैद्यकात सूचिचिकित्सा दोन हजार वर्षांहून जुनी. कानाचा आणि शरीरातील प्राणमार्गांचा संबंध त्यांच्या प्राचीन ग्रंथांतही सांगितलेला आहे. परंतु कानावर सबंध देहाचा नकाशा मांडण्याची कल्पना तेथे नव्हती. नोजिएचा लेख १९५८ च्या अखेरीस शांघायच्या एका वैद्यकीय नियतकालिकातून चिनी वाचकांपर्यंत पोहोचला आणि चिन्यांनी तो हातोहात उचलला. नानजिंग येथील लष्करी वैद्यकीय पथकाने सुमारे दोन हजार रुग्णांवर त्या बिंदूंची पडताळणी केली, असे नमूद आहे. थोड्याच वर्षांत कानाचे तक्ते खेडोपाडी गेले. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात ‘अनवाणी डॉक्टर’ म्हणून जे ग्रामीण आरोग्यसेवक तयार झाले त्यांच्या पिशवीत कानाच्या सुयाही होत्या. शिकावयास सोपे, साधन स्वस्त, कपडे उतरविण्याची गरज नाही. गरीब देशाला याहून काय हवे? पुढे पाश्चात्य देशांत जी सूचिचिकित्सा गेली तिच्याबरोबर हे कानाचे शास्त्रही ‘प्राचीन चिनी विद्या’ म्हणून गेले. फ्रान्सची लेक चीनच्या घरी नांदली आणि चीनचे नाव लावून माहेरी परतली. कानामागून आली आणि तिखट झाली, ती अशी.

येथवर व्यसनाचा कोठे उल्लेख नव्हता. तो आला हाँगकाँगमध्ये, आणि तोही अकल्पितपणे. हाँगकाँग आणि अफू यांचे नाते आपणांस परके नाही. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून जहाजांवर चढून चीनकडे जात असे, आणि त्या व्यापारातून मुंबईच्या कित्येक मोठ्या पेढ्या उभ्या राहिल्या. या अफूपायीच इंग्रजांनी चीनशी युद्ध केले आणि १८४२ च्या तहाने हाँगकाँग घेतले. तो तह ज्या नानजिंग शहरात झाला त्याच शहरात शंभरांहून अधिक वर्षांनी कानाचे बिंदू तपासले जावेत, ही इतिहासाची एक गंमत म्हणावयाची.

१९७२ साली हाँगकाँगच्या क्वाँग वाह रुग्णालयात डॉ. वेन हे मज्जासंस्थेचे शल्यविशारद काम करीत होते. शस्त्रक्रियेत वेदना कमी व्हाव्यात म्हणून सुया टोचून त्यांतून विजेचा सौम्य प्रवाह सोडण्याचा प्रयोग त्यांनी चालविला होता. त्या वर्षाच्या अखेरीस त्यांच्याकडे आलेला एक रुग्ण अफूच्या आहारी गेलेला होता. शस्त्रक्रियेपूर्वी त्याच्या हाताला आणि कानाला सुया लावल्यावर थोड्या वेळाने तो म्हणाला की, अफू न मिळाल्यामुळे जी तगमग होत होती ती थांबली. वेन यांनीही नोजिएप्रमाणेच रुग्णाचे म्हणणे वाऱ्यावर सोडले नाही. त्यांनी आणि डॉ. चुंग यांनी आणखी चाळीस व्यसनी रुग्णांवर हा उपाय केला आणि १९७३ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता; परंतु त्या काळी अफू आणि हेरॉइन यांच्यापुढे वैद्यक इतके हतबल झाले होते की एवढी वार्ताही पुरेशी होती.

या वार्तेला अमेरिकेत वाट अगोदरच मोकळी झाली होती. १९७१ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्क टाइम्सचे जेम्स रेस्टन पेकिंगला असताना त्यांचे अपेंडिक्स काढावे लागले. शस्त्रक्रियेनंतरचा पोटाचा त्रास सुयांनी कसा कमी झाला ते त्यांनी आपल्या पत्रात लिहिले. १९७२ च्या फेब्रुवारीत अध्यक्ष निक्सन चीनला जाऊन आले. अमेरिकन माणसाला एकाएकी सुयांचे कुतूहल वाटू लागले. पण श्रीमंतांच्या दिवाणखान्यांतील हे कुतूहल एकीकडे, आणि न्यूयॉर्कच्या दक्षिण ब्राँक्समधील गरज दुसरीकडे. तेथील लिंकन रुग्णालय मोडकळीस आलेले होते, आणि भोवतालची कृष्णवर्णीय व पोर्तो रिकन वस्ती हेरॉइनने पोखरलेली होती. १९७० च्या जुलैत ‘यंग लॉर्ड्स’ या पोर्तो रिकन तरुणांच्या संघटनेने ते रुग्णालयच ताब्यात घेतले. त्या चळवळीतून नोव्हेंबरमध्ये तेथे व्यसनमुक्तीचे केंद्र निघाले. आरंभी हेरॉइन सोडविण्यासाठी मेथाडोन हे औषध देत. पण एका गुलामीतून सोडवून दुसरीत घालावयाचे, हे तेथील कार्यकर्त्यांना रुचेना. हाँगकाँगची बातमी वाचून त्यांनी सुया हातात घेतल्या. त्यांत मुतुलू शकूर हा एक पुढारी होता. पुढे गंभीर गुन्ह्यांबद्दल त्याला दीर्घ कारावास झाला, आणि २०२३ मध्ये तो वारला. १९७८ मध्ये पोलिसांच्या बंदोबस्तात ते केंद्र रुग्णालयाबाहेर हलविण्यात आले. पण सुया राहिल्या. मायकेल स्मिथ या मानसरोगतज्ज्ञाने त्यांना नियमबद्ध रूप दिले : प्रत्येक कानात पाच बिंदू, पाच सुया. १९८५ मध्ये या पद्धतीच्या प्रसारासाठी राष्ट्रीय संस्थाही स्थापन झाली.

लिंकनमधील या उपचाराचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे. एका खोलीत वर्तुळाकार खुर्च्या मांडलेल्या. कानात सुया घेऊन माणसे तासभर निमूट बसलेली. कोणी कबुलीजबाब मागत नाही, व्याख्यान झोडत नाही. वनस्पतींचा काढा प्यावयास मिळतो. दुसऱ्या दिवशी या, तिसऱ्या दिवशी या, चुकलात तरी पुन्हा या. ज्यांना इस्पितळाच्या दारात आजवर फक्त संशयाने पाहिले गेले, त्यांना येथे बसावयास खुर्ची होती. या गोष्टीचे महत्त्व पुढे कळेल.

अफूवरून ही सुई तंबाखूवर कशी आली? कोणाच्याही मनात सहज येण्याजोगा तो विचार होता. १९५० साली डॉल आणि हिल यांनी फुप्फुसाचा कर्करोग आणि धूम्रपान यांचा संबंध दाखविला. १९६२ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने आणि ११ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेच्या सर्जन जनरलने आपापले अहवाल प्रसिद्ध केले. सिगारेट सोडली पाहिजे हे लाखो लोकांना एकदमच कळले. कशी सोडावी हे मात्र कोणीच सांगेना. निकोटीनचा चघळगोंद बाजारात आला १९७८ मध्ये, स्वित्झर्लंडमध्ये. तेव्हा मधल्या काळात ज्या ज्या उपायांनी ही पोकळी भरून काढण्याचा यत्न केला त्यांत कानाची सुई होती. कानाच्या मधल्या खळग्यात ‘फुप्फुसाचा बिंदू’ होताच. सिगारेटचा मारा फुप्फुसावर, मग हा बिंदू टोचावा, हे तर्कशास्त्र कोणालाही पटण्यासारखे होते. ड्रॉइंग पिनच्या घाटाची अगदी बारीक सुई तेथे काही दिवस ठेवून देत. किंवा सुईऐवजी एक काळे बी चिकटवीत. या बियांचे चिनी नाव मोठे मजेदार आहे. ‘राजाने अडविले तरी न थांबणारे’ असा त्याचा अर्थ होतो.

नाव तंबाखूलाच अधिक शोभले असते. अकबराचा सरदार असद बेग विजापूरहून परतताना आपल्या बरोबर तंबाखू आणि नक्षीदार हुक्का घेऊन गेला आणि बादशहापुढे ठेवला, ही सतराव्या शतकाच्या अगदी आरंभीची गोष्ट. दरबारातील हकिमाने हरकत घेतली. बादशहाने कुतूहलापुरता झुरका घेतला. १६१७ मध्ये जहांगीराने तंबाखूवर बंदी घातली. राजाने अडविले, तंबाखू थांबली नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत भारतातील प्रौढांपैकी २८.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत असल्याचे आढळले. विजापूरची भेट अजून आपल्या अंगावर आहे.

आता परीक्षेचा भाग. अफूच्या बाबतीत सुईचे समर्थन करावयास शास्त्राने एक आधार दिला होता. १९७५ साली अॅबरडीन येथे ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ यांनी मेंदूत स्वाभाविकपणे असणारी अफूसदृश द्रव्ये शोधून काढली. सुई टोचल्याने ती द्रव्ये स्रवत असतील, आणि म्हणून तगमग शमत असेल, अशी उपपत्ती पुढे आली. कानाच्या खळग्याविषयी आणखी एक गोष्ट खरी आहे. मेंदूपासून छाती-पोटापर्यंत पसरलेल्या व्हेगस या मोठ्या मज्जातंतूची एक शाखा तेथील त्वचेत येते. म्हणूनच कान कोरताना काही जणांना खोकला येतो. परंतु निकोटीनची मेंदूतील कुलुपे अफूच्या कुलुपांहून निराळी आहेत. तेव्हा एका व्यसनाची किल्ली दुसऱ्याला लागेलच असे नव्हे. शिवाय उपपत्ती सुचणे वेगळे आणि गुण येणे वेगळे.

गुण येतो की नाही हे पाहावयाचे तर निम्म्या लोकांना खरी सुई आणि निम्म्यांना खोटी सुई द्यावी, आणि कोणाला कोणती मिळाली ते त्यांना कळू देऊ नये, हा मार्ग. खोटी म्हणजे शास्त्राच्या मते चुकीच्या जागी टोचलेली. कोकेनच्या व्यसनावर येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २००० साली ८२ रुग्णांवर असा प्रयोग केला, तेव्हा कानाच्या खऱ्या बिंदूंचा लाभ दिसला आणि सर्वत्र आनंद झाला. २००२ मध्ये तोच प्रयोग सहा ठिकाणी ६२० रुग्णांवर झाला, तेव्हा तो लाभ नाहीसा झाला.

धूम्रपानाविषयी १९९८ साली इंग्लंडमधून दोन प्रयोग प्रसिद्ध झाले. एकात ७८ जण होते; काहींच्या कानाला विजेची सुई आणि नंतर बी, आणि इतरांना तेच गुडघ्याच्या वाटीवर. सहा महिन्यांनी कानवाल्यांपैकी साडेबारा टक्के सिगारेटपासून दूर होते. गुडघेवाल्यांपैकी एकही नाही. दुसरा प्रयोग एक्झिटर येथील. त्यात ७६ जणांपैकी काहींना कानाच्या बिंदूवर आणि काहींना कानामागच्या हाडावर खोटा उपचार दिला. दोन्ही गटांच्या तगमगीत फरक पडला नाही. लहान प्रयोगांचे असेच असते. पहिल्यातील साडेबारा टक्के म्हणजे चाळिसांतील पाच माणसे, हे विसरू नये. शेवटी अशा सर्व प्रयोगांची एकत्र छाननी कॉक्रेन या संस्थेच्या समीक्षकांनी वेळोवेळी केली. २०१४ च्या त्यांच्या आवृत्तीत ३८ प्रयोग होते. निष्कर्ष असा की, सुया, दाब, विद्युत्प्रवाह या उपायांनी सहा महिने किंवा अधिक काळ धूम्रपान सुटते असे सुसंगत आणि निःपक्षपाती प्रमाण मिळत नाही. थोड्या काळापुरता काही लाभ होत असावा, हे मात्र नाकारता येत नाही.

‘थोड्या काळापुरता’ हे शब्द घाईने ओलांडून जाऊ नयेत. सिगारेट सोडणाऱ्याची खरी लढाई पहिल्या काही दिवसांतच असते. चिडचिड, झोप उडणे, कशात लक्ष न लागणे यांचा जोर पहिल्या आठवड्यात सर्वांत अधिक, आणि तीन-चार आठवड्यांत तो बहुतांशी ओसरतो. एकेक तलफ पाहिली तर ती काही मिनिटांची असते. त्या मिनिटांत हाताला काही काम मिळाले, कानावरचे बी दाबता आले, आणि उद्या पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसावयाचे आहे ही आठवण झाली, तर ती तलफ निघून जाऊ शकते. हे काम खऱ्या बिंदूवरचे बी जितके करील तितकेच खोट्या बिंदूवरचेही करील. खऱ्या-खोट्या सुयांचा निकाल सारखा लागण्याचे एक कारण हेही असू शकेल. लिंकनच्या खोलीतील खुर्च्यांचे महत्त्व मी राखून ठेवले होते ते याचसाठी.

पण म्हणून कोणी ‘एका बैठकीत सिगारेट सुटेल, हमखास’ अशी पाटी लावून पैसे घेऊ लागला तर त्याला क्षमा नाही. त्यात फक्त पैसे जातात असे नव्हे. हमखास उपायानेही जो सुटला नाही तो माणूस दोष स्वतःला देतो. आपण जात्याच दुबळे, असे समजून पुन्हा प्रयत्न करावयाचे सोडतो, आणि ज्या उपायांचा गुण सिद्ध झालेला आहे त्यांच्याकडे वळत नाही. निकोटीनचा चघळगोंद किंवा चिकटपट्टी घेतल्याने यशाची शक्यता सुमारे दीडपट होते, हे अनेक प्रयोगांनी दाखविले आहे. शिवाय कानाच्या कूर्चेत दिवसेंदिवस ठेवलेली सुई निरुपद्रवी नसते; तेथे पू झाला तर कानाचा आकार कायमचा बिघडतो. बियांमध्ये तो धोका पुष्कळच कमी.

आपल्या देशात सूचिचिकित्सा आली ती मात्र व्यापाराने नव्हे, मैत्रीने. आणि त्या कथेत महाराष्ट्राचा वाटा आहे. १९३८ मध्ये जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीला जे पाच भारतीय डॉक्टर गेले त्यांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे चोळकर होते. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी चीनमध्येच वारले. त्यांचे सहकारी कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू हे परत आले. पुढे १९५८-५९ मध्ये ते पुन्हा चीनला जाऊन ही विद्या शिकले आणि त्यांनी ती कलकत्त्यात रुजविली. कोटणिसांच्या नावाने चालणाऱ्या दवाखान्यांतून ती गोरगरिबांपर्यंत गेली. महाराष्ट्रानेही २०१५ चा अॅक्युपंक्चर-उपचारपद्धतीचा कायदा करून तिला नियमांच्या चौकटीत आणले. कायद्याने विद्या खरी ठरत नाही. परंतु ती कोणाच्या हाती असावी एवढे ठरते, आणि तेही थोडे नाही.

कारण सारा प्रश्न शेवटी कोणाच्या हाताने, यापाशी येतो. सोनारानेच कान टोचावेत, असे आपली म्हण सांगते. या म्हणीची परीक्षा लंडनमध्ये झाली, असे म्हटले तर वाचकांना नवल वाटेल. १९७९ साली मायकेल रसेल आणि त्यांचे सहकारी यांनी २८ साध्या कुटुंबवैद्यांकडे येणाऱ्या २१३८ धूम्रपानी रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत सुई नव्हती, गोळी नव्हती. ज्यांना काहीच सांगितले नाही त्यांतील ०.३ टक्के लोकांनी लगेच सिगारेट सोडली आणि ते वर्षभर टिकले. ज्यांना डॉक्टरांनी दोन मिनिटे समजावून, हाती एक पत्रक देऊन, ‘पुढे चौकशी करीन’ असे बजावले त्यांतील ५.१ टक्के टिकले. आकडा लहान दिसतो; परंतु दोन मिनिटांच्या बोलण्याची ती कमाई आहे, आणि प्रत्येक डॉक्टरने रोज ती करावयाची ठरविली तर ती केवढी होईल याचा हिशेब वाचकांनीच करावा. यात डॉक्टरांनी कानच टोचले, फक्त सुईशिवाय.

मार्सेयच्या त्या बाईपासून लंडनच्या या डॉक्टरांपर्यंतची हकीकत वाचताना एक गोष्ट राहून राहून जाणवते. नोजिए असो, वेन असोत, की लिंकनच्या खोलीतील कार्यकर्ते असोत. जेथे जेथे काही चांगले घडले तेथे रुग्णाच्या कानाआधी उपचार करणाऱ्याचा कान उघडा होता. तो उघडा असला की सुई चुकीच्या जागी लागली तरी माणूस एक पाऊल पुढे जातो. आणि तो बंद असला तर अचूक तक्त्याचाही उपयोग होत नाही.

राहता राहिला प्रश्न गळून पडणाऱ्या खड्यांचा. कोणाच्याही मदतीवाचून सिगारेट सोडणाऱ्या शंभरांपैकी जेमतेम तीन ते पाच जण सहा महिने वा वर्षभर टिकतात, असे अभ्यास सांगतात. म्हणजे पहिला खडा गळणे हीच रीत आहे. त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. जे आज सुटलेले दिसतात त्यांतील पुष्कळांनी तो दोनदा, चारदा, कोणी दहादाही लावलेला असतो. तेव्हा घरात कोणी पुन्हा एकदा ‘कानाला खडा’ म्हणाले तर मागच्या वेळची आठवण काढून त्याची थट्टा करू नये. या वेळी तो खडा दाबून धरावयास आपले एक बोट द्यावे.